डमडमची तबकडी, टोकियोचा हात

मिरजेच्या आमच्या घरी रामनवमीला आई गीतरामायणाची तबकडी लावायची. ती लावण्याआधी मऊ फडक्यानं पुसायचं काम माझ्याकडे असे. पुसता पुसता मला पाकिटामागचा बारीक मजकूर वाचायचा नाद लागला. त्यात ‘डमडम’ असा एक शब्द होता. गदिमांचे शब्द कळत होते, बाबूजींचा आवाज कळत होता, पण हे डमडम कोण? मला तो तबल्याचा एखादा बोल वाटायचा. ते गाव आहे हे पुढे कधीतरी भूगोलाच्या पुस्तकात सापडलं, आणि आणखी पुढे नोकरीनं मला त्याच गावात आणून सोडलं. हे पुस्तक इथंच लिहून झालं आहे. खिडकीवरून दर पाच-सात मिनिटांनी विमान इतक्या खालून जातं की वाक्य तिथंच थांबवावं लागतं. कुठे वाक्य तुटकं वाटलं तर वाचकांनी विमानाला दोष द्यावा.

विषय आहे जपानी ॲनिमेचा पाश्चात्त्य सुपरहिरो-कार्टूनांच्या शैलीवर पडलेला प्रभाव. गीतरामायणापासून सुरुवात कशाला, असं कुणीही विचारील. त्याचं उत्तर कारखान्यात आहे.

ग्रामोफोन कंपनीनं 1908 साली कोलकात्यात सियालदहला तबकड्यांचा कारखाना काढला आणि 1928 च्या सुमारास तो डमडमला आणला. माझ्या घरापासून जेसोर रोडनं चालत गेलं तर ती जागा लागते. मराठी नाट्यगीतं, भावगीतं, अभंग यांतलं कितीतरी इथून चकतीवर दाबून बाहेर पडलं. गाणं मुंबईत गायलं जायचं आणि त्याचा धातूचा साचा इथं यायचा. गरम लाखेचा, पुढच्या काळात व्हिनाइलचा गोळा दोन साच्यांत ठेवून यंत्र दाबलं की तबकडी तयार. यंत्रावरचा कामगार बंगाली असेल, मनात रवींद्रसंगीत गुणगुणत असेल, पण त्याच्या गुणगुणण्यातली एक मुरकीही बाबूजींच्या गाण्यात शिरली नाही. शिरायला वाटच नव्हती. साचा येईल तसा उमटवायचा, हाच त्या कामाचा धर्म.

अमेरिकेतल्या कार्टून कंपन्यांनीही जवळपास असाच कारखाना मनात धरून काम बाहेर धाडलं होतं. कथा, स्टोरीबोर्ड, पात्रांची मापं, कुठलं चित्र पडद्यावर किती वेळ राहील याचा तक्ता, सगळं इकडून करायचं. हजारो चित्रं काढणं हे मात्र मजुरीचं काम, तेव्हा ते टोकियोत, सोलमध्ये, जिथं स्वस्त पडेल तिथं करून घ्यायचं. आपण साचा पाठवतो आहोत अशी त्यांची समजूत होती. पण चित्र काढणारा हात म्हणजे दाबयंत्र नव्हे. शैलीचा प्रभाव आला तो या फटीतून. तेव्हा त्याला प्रभाव हे नावही कुणी दिलेलं नव्हतं.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. केबलवर कार्टून नेटवर्क आलं, त्यावर ‘बॅटमॅन: द ॲनिमेटेड सीरिज’ लागायची. एवढंच जाणवायचं की काही भागांत बॅटमॅनच्या अंगरख्याला वजन असतं आणि काही भागांत तो पुठ्ठ्याचा असतो. मालिका तीच, चेहरे तेच, तरी एखाद्या दिवशी सगळंच जिवंत. हा फरक माझ्याच डोक्यातला असेल असं मी धरून चाललो. खरं उत्तर दर भागाच्या शेवटी भराभर सरकणाऱ्या नामावलीत होतं. चित्रं करून देणाऱ्या स्टुडिओचं नाव भागागणिक बदलायचं.

1992 साली सुरू झालेली ही मालिका ब्रूस टिम आणि एरिक रॅडोम्स्की यांनी उभी केली. पार्श्वभूमीची चित्रं काळ्या कागदावर रंगवायची, म्हणजे अंधारातून उजेड कोरून काढायचा, ही रॅडोम्स्कीची युक्ती. टिमची रेघ कोनाकोनाची आणि कमीत कमी. चित्रं हलवण्याचं काम मात्र बऱ्याच ठिकाणी वाटलेलं होतं. जपानातले टोकियो मूव्ही शिन्शा, सनराइज आणि स्पेक्ट्रम त्यात होते, कोरियातले डाँग यांग आणि एकॉमही होते. सुरुवातीची ती प्रसिद्ध मिनिटभराची शीर्षकफीत टोकियो मूव्हीची. तिच्यात मालिकेचं नाव कुठंच लिहिलेलं नाही. गच्चीवर दोन चोर, एक सावली, वीज चमकते आणि कड्यावर तो उभा. नावाची गरजच पडत नाही.

‘फीट ऑफ क्ले’ या कथेचा दुसरा भाग मी या पुस्तकासाठी किती वेळा पाहिला ते घरच्यांना विचारा. मातीचं अंग झालेला एक नट आहे. तो कुणाचंही रूप घेऊ शकतो. शेवटी बॅटमॅन त्याला पडद्यांनी भरलेल्या खोलीत गाठतो आणि त्यानं आजवर केलेल्या सगळ्या भूमिका एकाच वेळी त्याच्यासमोर लावतो. नटाचा ताबा सुटतो. एक चेहरा अर्धा होतो न होतो तोच दुसरा आतून फुटून वर येतो, खांदा वितळून त्याचा हात होतो, हाताचं पुन्हा तोंड होतं. दृश्य थांबवत थांबवत एकेक चित्र पाहा. मधली काही चित्रं नुसतीच विद्रूप आहेत, एकटी पाहिली तर कुणी चूक म्हणेल. वेगात मात्र तीच चित्रं त्या माणसाची वेदना होतात. हे कुठल्याही तक्त्यात लिहून पाठवता येत नाही. ते टोकियोतल्या कुणाच्या तरी मनगटात होतं, आणि ते तिथं आलं ते ‘अकिरा’मुळे. कात्सुहिरो ओतोमोचा तो चित्रपट 1988 चा, तोही याच स्टुडिओत झाला होता. मांस फुगत, फाटत, पसरत जाणारा तेत्सुओ ज्यांनी पाहिला आहे त्यांना मातीचा नट ओळखीचा वाटेल.

इथं थोडं तांत्रिक बोलायला हवं. सेकंदाला पडद्यावर 24 चौकटी सरकतात. प्रत्येक चौकटीला नवं चित्र काढलं तर 24 चित्रं, एकेक चित्र दोन चौकटी धरलं तर 12, तीन धरलं तर 8. ओसामू तेझुकानं 1963 च्या जानेवारीत ‘ॲस्ट्रो बॉय’ दर आठवड्याला दूरचित्रवाणीवर द्यायला घेतला तेव्हा पैसा आणि वेळ दोन्ही अपुरे होते. मग चित्रं तीन-तीन चौकटी धरून ठेवली, बोलताना नुसती ओठांची हालचाल केली, धावणाऱ्या पात्रामागे रेषा पळवल्या, एखादं नाट्यमय चित्र तसंच गोठवलं. काटकसर अमेरिकेतही होती. ‘सुपर फ्रेंड्स’सारख्या मालिका सत्तरच्या दशकात त्याच काटकसरीनं होत होत्या. पण अमेरिकन काटकसर एकसारखी पसरलेली होती, सगळ्या भागाला सारखंच पाणी घातलेलं. जपान्यांची तऱ्हा आपल्याकडच्या लग्नघरासारखी: वर्षभर चहात साखर मोजायची आणि पंगतीला तूप हात सैल सोडून वाढायचं. वीस मिनिटं चित्रं वाचवायची आणि शेवटच्या झुंजीत सगळी उधळायची. अशा उधळलेल्या दृश्यांना तिकडचे रसिक ‘साकुगा’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ नुसता ‘चित्र काढणं’ एवढाच.

दुसरी गोष्ट त्यांच्या कामाच्या रीतीतली. तिथं प्रत्येक भागाला एक चित्रप्रमुख असतो, तो इतरांची चित्रं स्वतःच्या हातानं सुधारतो. त्यामुळे भागाभागात एका माणसाची सही उमटते. योशिनोरी कानादानं काढलेलं दृश्य त्याच्या वाकड्या, ताणलेल्या अंगविक्षेपांवरून ओळखू येतं. ओसामू देझाकीचं गोठवलेल्या, रंगीत खडूनं रंगवल्यासारख्या चित्रावरून. हाच देझाकी 1984 साली अमेरिकेसाठी ‘मायटी ऑरबॉट्स’ करत होता आणि 1987 च्या ‘बायोनिक सिक्स’ या सुपरहिरो कुटुंबाच्या मालिकेवरही त्याचा हात होता. म्हणजे प्रभाव वगैरे चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधी जपानी दिग्दर्शक अमेरिकन मुलांच्या शनिवार सकाळी घडवत बसला होता. त्या मुलांतली काही पुढे स्टुडिओत गेली.

या पुस्तकात मी प्रभावाचे बाणवाले नकाशे काढायचं टाळलं आहे, कारण पहिलाच बाण उलटा निघतो. 1941 साली फ्लायशर बंधूंनी सुपरमॅनचे लघुपट काढले. त्यांतल्या ‘द मेकॅनिकल मॉन्स्टर्स’मध्ये उडणारे यंत्रमानव दागिने लुटतात. 1980 मध्ये हायाओ मियाझाकीनं ‘लुपिन’ मालिकेचा शेवटचा भाग केला तेव्हा त्यात तसाच यंत्रमानव टोकियोवरून उडवला, आणि 1986 च्या ‘लापुटा’त पुन्हा तोच, या खेपेला खांद्यावर शेवाळ आणि पक्षी घेऊन. ‘लुपिन’ टोकियो मूव्हीचीच. तिकडे ब्रूस टिमही बॅटमॅन आखताना त्याच फ्लायशर सुपरमॅनकडे बघत होता. तेव्हा टिमचे आराखडे टोकियोला पोचले ते परक्या घरी गेले नव्हते. आजोळी गेले होते म्हणा.

एक खंत नोंदवतो. अमेरिकन कार्टूनांतल्या जपानी हातांचा सुवर्णकाळ म्हणून जो मिरवला जातो तो मुळात येनच्या भावानं तोकडा केला. 1985 नंतर येन महाग झाला, जपानी हात परवडेना, काम कोरियाकडे सरकलं. म्हणून ‘बॅटमॅन’मध्ये टोकियो मूव्हीचे भाग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. शैली कुठून येते याचा शोध घेताना परकीय चलनाचा तक्ता जवळ ठेवावा लागतो, हे मला अवघड गेलं. मी कलेचा विद्यार्थी. हिशेबात पहिल्यापासून कच्चा.

2003 च्या ‘टीन टायटन्स’पासून गोष्ट बदलते. ग्लेन मुराकामी टिमच्याच तालमीतला. त्यानं ॲनिमे उघड उघड अंगावर घेतलं: लाजलेल्या पात्राच्या कपाळावर घामाचा मोठा थेंब, रागावलं की डोकं फुग्याएवढं, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. शीर्षकगीतासाठी थेट जपानच्या पफी आमीयुमी या जोडीला बोलावलं. गाणं जपानीत लागलं की आजचा भाग गमतीचा, हे मुलांना आपोआप कळायचं. मला ही मालिका आवडते, पण एक तक्रार आहे. ‘बॅटमॅन’मध्ये जपानी हात होता, इथं जपानी खुणा आहेत. पहिल्यात चित्र हलतं कसं हे बदललं होतं, दुसरीत चित्र दिसतं कसं हे. पुढच्या एका लेखात मी यावर थोडा कडक झालो आहे. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मित्रांना तो लेख अजिबात पटलेला नाही, आणि त्यांचा मुद्दा मी तिथंच नोंदवला आहे.

पुढचं झरझर सांगतो. 2008 च्या ‘बॅटमॅन: गॉथम नाइट’मध्ये सहा लघुपट थेट जपानी स्टुडिओंकडे सोपवले. 2018 च्या ‘बॅटमॅन निंजा’त तर बॅटमॅनच जुन्या जपानात जाऊन पडला. 2023 च्या ‘माय ॲडव्हेंचर्स विथ सुपरमॅन’मध्ये सोलच्या स्टुडिओ मीरनं क्लार्क केंटला शोजो, म्हणजे मुलींसाठीच्या, कथेतल्या लाजऱ्या नायकासारखं केलं. आता सांगण्यासारखं लपलेलं काही उरलं नाही. 2018 च्या ‘इनटू द स्पायडर-व्हर्स’बद्दल मात्र थांबायला हवं. संगणकावर केलेला चित्रपट, त्याला 24 चौकटी फुकट मिळतात. तरी माइल्स मोरालेस नवशिका असताना त्याला मुद्दाम दोन-दोन चौकटींवर चालवलं आणि शेजारचा पीटर पार्कर मात्र सफाईनं सरकतो. तेझुकाची गरिबी इथं पात्राचं व्याकरण झाली.

त्याचाच पुढचा भाग 2023 च्या जूनमध्ये आपल्याकडे आला तो दहा भाषांत, मराठीतही. त्यात मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून झालेलं मुंबॅटन आहे आणि पवित्र प्रभाकर नावाचा स्पायडरमॅन. तिथले रंग इंद्रजाल कॉमिक्सच्या जुन्या छपाईवरून घेतले आहेत. इंद्रजाल मराठीतही निघायचं, आमच्या पिढीनं ते एसटी स्टँडवर विकत घेतलं आहे. रंग रेघेबाहेर सांडलेले, कागद पिवळा. ती छपाईतली चूक एवढा खर्च करून पुन्हा काढलेली पाहून मी थिएटरात एकटाच हसलो.

आपल्या हातांचं काय, हा प्रश्न मला डमडमला आल्यावर जास्त छळू लागला. तसा आपला या धंद्याशी संबंध जुना. फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. 1934 साली इथं कोलकात्यात न्यू थिएटर्सनं ‘पी ब्रदर्स’ काढला, आणि त्याच वर्षी पुण्यात प्रभातनं ‘जंबूकाका’. 1956 मध्ये मुंबईला फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले, त्यांच्या हाताखाली राम मोहन तयार झाले. याच राम मोहन यांनी युगो साको आणि कोइची सासाकी यांच्याबरोबर नव्वदच्या दशकाच्या आरंभी ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ केला. जपानी रेघेतला राम. परदेशी माणसानं रामाचं कार्टून करावं का, यावर तेव्हा इथं आक्षेप निघाले होते. 2025 च्या जानेवारीत तोच चित्रपट थिएटरांत परत आला तेव्हा लोक मुलांना घेऊन गेले. कुंभकर्ण उठतो त्या दृश्यात मला गॉथमचे राक्षस दिसतात. आईला बाबूजी ऐकू आले असते.

सुपरहिरोंची पोटापाण्याची कामंही आपल्याकडे आली. 2008-09 च्या ‘वुल्व्हरिन अँड द एक्स-मेन’च्या निर्मितीत तिरुवनंतपुरमची टून्झ होती. पण ती मालिका पाहताना ‘हा आपला हात’ असं मला एकदाही ओळखता आलं नाही. कारागीर कमी पडले असं मी म्हणणार नाही. साचा इतका घट्ट झाला होता की हाताला फटच उरली नव्हती. आपल्या वाट्याला आलं ते डमडमच्या दाबयंत्राचं काम. याच्या उलट एक गंमत: बॅटमॅनची शीर्षकफीत करणाऱ्या टोकियोच्या त्या कंपनीनंच 2012 साली आपल्या दूरचित्रवाणीसाठी ‘सूरज: द रायझिंग स्टार’ केली. मूळ जपानी बेसबॉलची कथा, इथं मुंबईच्या गरीब वस्तीतला क्रिकेटपटू मुलगा. बाप मुलाला मारून मुटकून खेळाडू करतो ते सगळं जसंच्या तसं. चेंडू टाकायच्या आधी गोठलेलं चित्र, मागे ज्वाळा, कपाळावर घाम. शिवाजी पार्कवर असं कुणी घाम गाळताना मी पाहिलेलं नाही, पण चित्रात पटतं.

भाषेबद्दल एक खुलासा. ॲनिमेशनला मराठीत सचेतनपट वगैरे शब्द आहेत, ते मी वापरून पाहिले आणि सोडून दिले. जपान्यांनी इंग्रजी शब्द अर्धा तोडून ‘ॲनिमे’ केला आणि तो आपला करून टाकला. त्यांच्या लेखी टॉम अँड जेरीसुद्धा ॲनिमेच. मीही कार्टून म्हणतो. कार्टून म्हटल्यानं विषय लहान होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी ‘जंगल बुक’मधला शेरखान आठवावा. जपानी चित्र, आवाज नाना पाटेकरांचा, रविवारची सकाळ. तेव्हा कुणाला तो लहान वाटला होता?

शेवटी, इथं डमडमला माझ्या शेजारी राहणाऱ्या एका मुलाबद्दल. तो मला ‘काकू’ म्हणतो. बंगालीत काकू म्हणजे काका, पण मिरजेहून बहीण आली होती तेव्हा ते ऐकून तिला चहा सांडेपर्यंत हसू आलं. वय अकरा. त्याच्या घरी आजोबांनी जपलेले ‘शुकतारा’चे जुने अंक आहेत. त्यात नारायण देबनाथांचा बांटुल दि ग्रेट, 1965 पासूनचा बंगालचा स्वतःचा सुपरहिरो: गुलाबी गंजी, काळी अर्धी चड्डी, पिंपाएवढी छाती, काडीसारखे पाय, पायात काही नाही. गोळ्या त्याच्या छातीवर आपटून परत जातात. ज्या गावच्या शस्त्रागारातून निघालेल्या, अंगात शिरून पसरणाऱ्या गोळीवर 1899 च्या हेग परिषदेत बंदी घातली गेली, त्या गावच्या पोरांना असा नायक मिळावा हे छान आहे.

हा मुलगा वहीच्या कोपऱ्यात बांटुल काढतो आणि पानं फर्रकन सोडून तो हलवून दाखवतो. पण त्याचा बांटुल देबनाथांचा नाही. केस टोकदार वर गेलेले, डोळे मोठे, गुडघे वाकलेले, मागे रेषा. गोळी येते आणि छातीच्या वीतभर अलीकडे थबकते. सहा पानं ती तिथंच. मग एका पानावर छाती फुगते, अख्ख्या कोपऱ्यात पांढरा स्फोट, आणि बांटुल आकाशात.

मी विचारलं, “गोळी मध्येच का थांबली?”

“कंटाळा आला होता,” तो म्हणाला. “तीच परत परत गिरवली. पण छान वाटतं ना, काकू?”

“आणि तो वर गेला तो खाली कधी येणार?”

“वही संपली,” तो म्हणाला. मग विमान आलं, त्याचं पुढचं बोलणं मला ऐकू आलं नाही.